नव्या पॅरिशमध्ये: आधी पत्ता, मग शेजार, मग काम

वसई, उत्तन, कोर्लई, संगमनेर, हरेगाव. ठाण्यात आणि नवी मुंबईत राहायला आलेली बरीच मराठी कॅथलिक कुटुंबं अशा गावांतून येतात. गावात चर्च शोधावं लागत नाही. घंटा ऐकू येते, फादर नावाने ओळखतात, मयताला अख्खी आळी जमते. इथे विसाव्या मजल्यावर घंटा पोचत नाही. रविवारी जमेल त्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकायची आणि घरी यायचं, यात वर्षं निघून जातात. मग बाळाचा बाप्तिस्मा, मुलीचं लग्न किंवा घरातलं मयत समोर उभं राहतं आणि कार्यालयात पहिला प्रश्न येतो: तुमची पॅरिश कोणती?

नव्या कुटुंबांना आमचं सांगणं असं की क्रम पाळा. आधी पत्ता नोंदवा, मग शेजारच्या समूहात (आसपासच्या कॅथलिक कुटुंबांच्या गटात) बसा, आणि त्यानंतरच एखादं काम अंगावर घ्या. आल्या आल्या क्वायर, यूथ, लिटर्जी (उपासनेची तयारी) अशी तीन कामं घेणारी माणसं सहसा गणपतीच्या सुट्टीपर्यंत टिकतात. शेजारी ओळखीचे झाल्यावर एकच काम घेणारी माणसं वर्षानुवर्षं दिसतात.

पत्ता

पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला समाज, वसईकडचं धर्मग्राम, आवडीने निवडायची नसते. ती पत्त्यावर ठरते. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, 518व्या कलमाप्रमाणे पॅरिश सर्वसाधारणपणे भूभागाची असते आणि त्या हद्दीत राहणारे सगळे तिचे. भाडेकरूंना वाटतं, आपण इथले कुठे? पण 102वं कलम सांगतं की तीन महिने राहायच्या इराद्याने तुम्ही आलात, की त्या हद्दीतले होता. अकरा महिन्यांचा भाडेकरार असला तरी तुम्ही पहिल्या दिवसापासून त्या पॅरिशचे आहात. नोंदणीसाठी स्वतःचा फ्लॅट व्हायची वाट बघू नका.

हद्द मात्र विचारूनच घ्या. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून नवे लोक थेट तिथेच जातात. पण शहर पसरलं तशा वेगळ्या पॅरिश झाल्या आणि तुमची सोसायटी कदाचित दुसऱ्याच पॅरिशमध्ये असेल. नवी मुंबईत नोड आणि सेक्टरवरून विचारा. इमारतीचं नाव, सेक्टर आणि पिनकोड फोनवर सांगितलात तर कोणतंही पॅरिश कार्यालय योग्य ठिकाण सांगू शकतं.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई महाधर्मप्रांतात, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या कारभारात, येतात. वसईचा धर्मप्रांत 1998 साली त्यातून वेगळा झाला. शिवाय याच परिसरात 1988 साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सीरो-मलबार (केरळच्या परंपरेतल्या) धर्मप्रांताचीही चर्च आहेत. तीही कॅथलिकच, पण त्यांची विधी वेगळी आणि नोंदवह्याही वेगळ्या. तिथे मिस्सेला जायला काहीच अडचण नाही. नोंदणी मात्र आपल्या लॅटिन (रोमन) विधीच्या पॅरिशमध्ये करायची. नवरा-बायकोपैकी एकजण सीरो-मलबार असेल तर फादरांना पहिल्याच भेटीत सांगा. मुलांची नोंद कुठे होणार हे त्यावर ठरतं.

कार्यालयात जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, कारण फादर घरभेटीला किंवा मयताला गेलेले असू शकतात. जाताना घरातल्या प्रत्येकाच्या बाप्तिस्मा दाखल्याची झेरॉक्स, चर्चमधल्या लग्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि चालू मोबाइल नंबर न्या. फॉर्मवर आधार कार्डावरचं नाव लिहा आणि बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असेल तर तेही शेजारी लिहा. परत निघताना दोन गोष्टी विचारल्याशिवाय उठू नका: आपला समूह कोणता, आणि त्याचं काम बघणाऱ्यांचा नंबर काय. नोंदणी करूनही एकटी राहिलेली कुटुंबं असतात, आणि बहुतेक वेळा एवढंच विचारायचं राहिलेलं असतं.

नावाच्या फरकाबद्दल थोडं अधिक, कारण लग्नं इथेच अडतात. जुन्या नोंदवहीत जुझे, शाळेत जोसेफ, आधारवर जोसफ. आडनावाची स्पेलिंगं तर भावाभावांत वेगळी. दुरुस्ती होते, पण ती फक्त बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशमध्येच होते. कागद दाखवावे लागतात आणि कधी बिशप कार्यालयापर्यंत जावं लागतं. म्हणून लग्न ठरायच्या आधीच वही तपासून घ्या. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखलाही ताजा, साधारणपणे सहा महिन्यांच्या आत काढलेला लागतो. कपाटातला लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही म्हणून माणसं रागावतात. त्यामागचं कारण असं आहे: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं किंवा लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत, त्या व्यक्तीच्या नावासमोरच्या समासात केली जाते. ताजा दाखला म्हणजे समासात आजही लग्नाची नोंद नसल्याची खात्री. तारीख पक्की करून हॉल बुक करण्याआधी, निदान तीन-चार महिने अगोदर, फादरांना भेटा. लग्नाची तयारी करून घेणारा वर्ग आणि रविवारच्या मिस्सेतल्या लग्नाच्या घोषणा याच काळात बसवाव्या लागतात.

बाप्तिस्म्यासाठी बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाचा दाखला आणि धर्ममाता-धर्मपित्याची (गॉडपेरेंट्सची) माहिती लागते. एक असला तरी चालतो, दोन असतील तर एक स्त्री आणि एक पुरुष. वय सोळा पूर्ण, दृढीकरण झालेलं, आणि बाळाचे आईवडील स्वतः नकोत. परदेशातल्या मामाला ठरवून ठेवता आणि त्याचं दृढीकरणच झालेलं नसतं, असं ऐनवेळी कळू नये म्हणून नातेवाइकांना शब्द देण्याआधी ही अट विचारून घ्या.

शेजार

मोठ्या पॅरिशमध्ये हजारो माणसं असतात आणि रविवारी त्यातली पाचच ओळखीची निघतात. म्हणून पॅरिश लघु ख्रिस्ती समुदायांत वाटलेली असते. दोन-तीन इमारती किंवा एखादी गल्ली मिळून एक समूह. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, शुभवर्तमान वाचायचं, आणि शेजारात कुणाला काय हवंय ते बघायचं.

बैठक बहुतेक ठिकाणी सात पायऱ्यांनी चालते. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झाली. सुरुवातीला एकजण साध्या शब्दांत प्रभूला बोलावतो. मग उतारा, शक्यतो येत्या रविवारचा, सावकाश वाचला जातो. तिसऱ्या पायरीला ज्याला जो शब्द किंवा जी ओळ भिडली ती त्याने मोठ्याने, थांबत थांबत तीनदा म्हणायची, आणि फक्त म्हणायची. समजावून सांगायचं नाही. यानंतर उतारा पुन्हा एकदा वाचतात. मग तीन ते पाच मिनिटं पूर्ण शांतता. पाचव्या पायरीला मनात काय आलं ते बोलायचं. सहाव्या पायरीला आपल्या शेजारात काय करायचं ते ठरवायचं, आणि सातव्या पायरीला ज्याला वाटेल त्याने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. शेवट सगळ्यांना पाठ असलेल्या प्रार्थनेने.

कागदावर हे सोपं दिसतं. बिघडतं ते तीन जागी. शांततेची पाच मिनिटं कुणाला सोसत नाहीत; अर्ध्या मिनिटात कुणीतरी भजन सुरू करतं. म्हणून एकाने घड्याळ हातात घेऊन वेळ संपल्याचं सांगायचं, आणि हे आधीच सगळ्यांना कळवायचं. दुसरं, पाचव्या पायरीत एखादे काका प्रवचन सुरू करतात आणि बाकीचे माना डोलावतात. 'माझ्या मनात आलं' असं बोलायचं, 'आपण सगळ्यांनी करायला हवं' असं नाही, आणि दोन मिनिटांच्या आत, हा नियम दर वेळी सुरुवातीलाच सांगा. काकांनाच पुढच्या वेळी उतारा वाचायला दिला तर त्यांनाही बरं वाटतं आणि वेळही राहतो.

तिसरी चूक सगळ्यात महागाची: सहावी पायरी राहून जाते. चहा तयार असतो, मुलं झोपाळलेली असतात, आणि 'शेजारी काही मदत लागली तर सांगा' म्हणून उठतात. असं सांगून कुणी मदत मागत नाही. या पायरीला माणूस, दिवस आणि काम तिन्ही ठरली पाहिजेत: बी विंगमधल्या आजींना बुधवारी डोळे तपासायला न्यायचंय, कोण जाणार, रिक्षा की गाडी? नोंद एका वहीत करा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात ती ओळ वाचून करा. ज्या समूहांत ही वही आहे ते समूह जिवंत राहतात, एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो.

इमारतीत जमताना काही गोष्टी सांभाळा. येणाऱ्यांची नावं गेटवर वॉचमनकडे आधी देऊन ठेवा, नाहीतर आजोबा खाली वीस मिनिटं उभे राहतात. चपलांमुळे शेजाऱ्यांचं दार अडू देऊ नका. ठाण्याहून किंवा पनवेलहून लोकलने परतणाऱ्यांचा विचार करून साडेआठनंतर सुरू करा आणि पावणेदहाला उठा. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. फ्लॅटमध्ये माइकची गरज तशीही नसते. सोसायटीचा हॉल हवा असेल तर सेक्रेटरींना आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या. खाण्यात चहा आणि एकच पदार्थ, हे सगळ्या घरांनी मिळून ठरवा. एका घरी पोह्यांपासून केकपर्यंत झालं की पुढचं घर बैठक घ्यायला कचरतं, आणि ज्याची खरी गरज आहे तेच घर यादीतून गळतं.

मे आणि ऑक्टोबरमध्ये घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते. नव्यांनी सुरुवात करायला तो काळ सर्वांत सोपा. प्रार्थना पाठ असतात, बोलायचं दडपण नसतं, आणि महिन्याभरात पंधरा-वीस दारं ओळखीची होतात. मराठीतून प्रार्थना होते का, हे निःसंकोच विचारा. बैठक इंग्रजीत किंवा कोंकणीत चालत असली तरी एक दशक (माळेतला दहा मण्यांचा भाग) मराठीतून म्हणायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. बहुतेकांना फक्त कळलेलं नसतं की कुणाला मराठी हवंय.

काम

दोन-तीन बैठका झाल्या की एक काम निवडा. वेदी-सेवक, वाचक, गायक, रविवारी रांगा आणि जागा बघणारे, फुलं करणारे, धर्मशिक्षण वर्गाला शिकवणारे, गरिबांच्या घरी जाणारे. फुलांच्या गटात जाणार असाल तर एक लक्षात घ्या: उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या दिवसांत) वेदीवर फुलं नसतात, फक्त चौथ्या रविवारी आणि त्या काळात येणाऱ्या मोठ्या सणांना असतात. चूक एकदा होतेच, म्हणून वर्षाचा तक्ता आतल्या कपाटावर चिकटवून ठेवा.

वाचकाचं काम दिसायला सोपं आणि करायला अवघड. रविवारी पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन आणि शुभवर्तमान असतं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. पहिलं वाचन बहुधा जुन्या करारातलं असतं आणि ते त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळवून निवडलेलं असतं. म्हणून तयारीची सुरुवात शुभवर्तमान वाचून करा, म्हणजे कोणत्या वाक्यावर जोर द्यायचा ते आपोआप कळतं. गुरुवारी अर्थासाठी वाचा, शुक्रवारी मोठ्याने, शनिवारी उभं राहून. थेस्सलनीकाकर, हबक्कूक, मलकीसदेक अशी नावं येतात. ती तोंडात बसेपर्यंत वेगळी म्हणून घ्या. अडखळून 'सॉरी' म्हणण्यापेक्षा थोडा चुकीचा पण ठाम उच्चार बरा.

रविवारी वीस मिनिटं आधी पोचा आणि ग्रंथातली फीत स्वतः तपासा. आधीच्या मिस्सेनंतर ती भलत्याच पानावर राहिलेली असते. लाल अक्षरातलं काही वाचायचं नाही, 'पहिले वाचन' हे शब्दसुद्धा नाहीत. थेट 'यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून' असं सुरू करायचं. माइक तोंडापासून वीतभर लांब. वाचन संपल्यावर मनात तीन आकडे मोजून मग शेवटची घोषणा. ही तीन आकड्यांची शांतता बहुतेक नवे वाचक गाळतात आणि मग शेवटचं वाक्य घोषणेत विरून जातं. मोबाइलवरून वाचू नका. कॉल आला तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गरिबांसाठी काम करायचं असेल तर बऱ्याच पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचा गट असतो. 1833 साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी पॅरिसमध्ये ती सुरू केली. घरी जाऊन भेटणं हा तिचा पाया आहे, आणि मदत धर्म विचारून दिली जात नाही. भेटीला नेहमी दोघांनी जायचं. पहिल्या भेटीत काही आश्वासन द्यायचं नाही. ऐकायचं, औषधांच्या चिठ्ठ्या बघायच्या, शाळेची थकलेली रक्कम विचारायची. निर्णय गटात होतो. फी देताना शाळेच्या नावे द्या, औषध देताना दुकानातून आणून द्या. रेशन द्यायचं तर चार माणसांना महिन्याला तांदूळ 10 किलो, पीठ 10 किलो, तूरडाळ 2 किलो, तेल 3 लिटर हा आमचा अंदाज कामी येतो, पण आधी त्यांना विचारा. रेशनकार्डावर तांदूळ मिळत असतील तर डाळ आणि तेल वाढवा. आणि फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव टाकू नका. मुलांच्या वर्गमित्राच्या आईने तो फोटो पाहिला की ते कुटुंब पुन्हा दार उघडत नाही.

पैशांशी संबंध येणार असेल तर सुरुवातीपासून कडक राहा. प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असणं कॅनन लॉच्या 537व्या कलमाने बंधनकारक आहे. दानपेटी एकट्याने मोजू नका, रोख रक्कम एका रात्रीपुरतीही घरी नेऊ नका, पॅरिशसाठी स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. यात तुमच्यावर अविश्वास नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्याकडे दुसऱ्याची सही असावी, एवढ्यासाठी.

मुलांबरोबरच्या कामात आणखी सावध राहायला हवं. वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं, एकट्या मुलाला गाडीवरून घरी सोडायचं नाही, मुलांशी खासगी मेसेज नाहीत. निरोप पालकांच्या ग्रुपवर. आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं तर? पॉक्सो कायदा 2012 च्या 19व्या कलमाप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. फादरांना जरूर सांगा, पण पॅरिशने आधी आपसात चौकशी करावी आणि मग बघावं, असा पर्याय कायद्यात नाही. मुलाला खोदून प्रश्न विचारू नका, त्याचे शब्द तसेच लिहून ठेवा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. तो नंबर वर्गाच्या भिंतीवर असू द्या.

आजारपण आणि मयत

फादरांना उशिरा बोलावणं ही घराघरातली चूक. तेलाच्या संस्काराला, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या विधीला, अजूनही 'शेवटचा संस्कार' म्हणतात, म्हणून आजारी माणूस घाबरेल या भीतीने माणसं थांबतात. हा संस्कार आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून आहे, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही घेता येतो, आणि माणूस शुद्धीवर असताना त्याला त्यात भाग घेता येतो. रुग्णालयात असाल तर वॉर्ड, बेड नंबर आणि भेटीची वेळ फादरांना मेसेज करा.

घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) आणला जाणार असेल तर लहान टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला ठेवा. खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा. अगदी छोटा तुकडा देता येतो. 'आजी, आज फादर येतायत, तुम्हाला चालेल ना?' असं आजारी माणसालाच विचारा. टीव्ही बंद करा.

मृत्यू घरी झाला तर पहिला फोन नेहमीच्या डॉक्टरांना. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी कारणाचा वैद्यकीय दाखला फॉर्म 4 वर असतो, घरच्या मृत्यूसाठी 4 अ वर. अपघात, पडणं किंवा संशयास्पद काही असेल तर पोलीस आल्याशिवाय काही हलवू नका. दुसरा फोन फादरांना आणि समूहाच्या माणसाला. मिस्सेची वेळ, दफनभूमी आणि शवपेटी हे घरचे, फादर आणि समूहाचा माणूस मिळून ठरवा; नातेवाइकांना वेळ कळवण्याआधी दफनभूमीत जागा असल्याची खात्री करा. दफनासाठी पालिकेचा परवाना लागतो, त्यासाठी मृताचं आधार आणि डॉक्टरांचा दाखला हाताशी ठेवा. गावी, वसईला किंवा संगमनेरला न्यायचं असेल तर तिथल्या फादरांशी आधी बोला आणि इथल्या पॅरिशचं पत्र न्या, नाहीतर गाडी दारात उभी राहते आणि खड्डा खणलेला नसतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. सातव्या दिवसाची मिस्सा कार्यालयात लिहून ठेवा आणि समूहातल्या कुणाला तरी त्या घरी पुढचे आठ दिवस डबा पोचवायची वाटणी करायला सांगा. घरचे स्वतःहून सांगत नाहीत.

घर बदलताना

नवी मुंबईत माणसं नोड बदलतात, ठाण्यात करार संपतो. निघण्याआधी महिनाभर कार्यालयात आणि समूहात सांगा. तुमच्याकडे कपाटाची किल्ली, गटाचा मोबाइल नंबर, ग्रुपचं अ‍ॅडमिनपद किंवा भेटींची वही असेल तर ती एका नावाने, तारखेसह, दुसऱ्याच्या हातात द्या, आणि शेवटच्या दोन भेटींना त्या नव्या माणसाला बरोबर न्या. ज्या आजींना तुम्ही दर बुधवारी न्यायचात, त्यांना नवा चेहरा आधी दाखवा, आणि 'पुढच्या बुधवारी हे येतील' हे तुमच्या तोंडून सांगा.